बरोबर वजनाची बाटली

‘रुग्णाने माहिती लपवली.’ सिस्टरांनी फाइल स्वतःच्या बाजूला वळवून ठेवली होती, तरी मिलीने ते वाक्य वाचलं. काउंटरच्या अलीकडून आणि पलीकडून काट्यावरचे आकडे वाचण्यात जिची चौदा वर्षं गेली, तिला समोरच्याचा कागद उलटा वाचणं म्हणजे डाव्या हातचा मळ. वाक्य तीनच शब्दांचं होतं, पण तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

सिस्टर मात्र गोड आवाजात समजावत होत्या. नव्या औषधाच्या चाचणीत भाग घ्यायचा, तर त्याआधी चार आठवडे एकही सप्लिमेंट घ्यायचं नाही, अशी अट होती. ‘बंद केलं आहे’ असं मिलीने लिहून दिलं होतं, खाली सही केली होती. आणि आता रक्तात ई जीवनसत्त्व आणि त्याच्या जोडीचं ते को-एन्झाइम पहिल्या दिवशी होतं तेवढंच्या तेवढं सापडलं. खरंच बंद असतं तर इतकं राहिलं नसतं. त्यामुळे नाव कमी करावं लागेल. मनाला लावून घेऊ नका, असं बरेच जण करतात, असंही त्या वर म्हणाल्या.

“बरेच जण करत असतील. मी केलेलं नाही,” मिली म्हणाली.

तिची जीभ आता जड झाली होती, आणि रागात तर शब्द एकमेकांच्या पायात पाय घालून पडत. भर दुपारी प्यायली आहे की काय, अशा नजरेने लोक बघत. सिस्टर तशा बघणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी मान डोलावली. पण ती मान पटल्याची नव्हती, लहान मुलाची समजूत काढताना डोलावतात तशी होती, आणि त्यापेक्षा त्यांनी सरळ खोटारडी म्हटलं असतं तर मिलीला बरं वाटलं असतं.

मिली हे तिचं कागदावरचं नाव नव्हे. ती जन्मली तेव्हा एवढीशी होती की बाबा म्हणाले, ही मुलगी नाही, मिलीग्रॅम आहे. बाबा तराजू दुरुस्त करायचे. सोनारांचे काटे, औषधांच्या दुकानातले, शाळांच्या प्रयोगशाळांतले, सगळे त्यांच्या कारखान्यात यायचे आणि बरोबर होऊन जायचे. बाबांच्या माघारी त्यांचे भागीदार काका कारखाना चालवत होते आणि मिली तिथे काटे तपासून दाखले लिहीत होती. पूर्वी ती नखाएवढी वजनं चिमट्याने पारड्यात ठेवायची. दोन वर्षांपूर्वी चिमटा हातात थरथरू लागला. काकांनी काही न बोलता वजनांची पेटी आपल्या टेबलावर नेऊन ठेवली. 

आजार घरचाच होता. आईबाबा दोघंही ठणठणीत, पण दोघांच्याही रक्तात एकेक खोट लपलेली होती, आणि दोन्ही मुलांच्या वाट्याला ती जोडीने आली. आधी तोल जातो, मग हात ऐकेनासे होतात, मग जीभ, आणि मग हृदय थकतं. दादाला सोळाव्या वर्षी सुरुवात झाली. मिलीला उशिरा, पंचविशीत. दादाचं हृदय थकलं, त्याला चार वर्षं झाली.

आता त्या सप्लिमेंटच्या कॅप्सूलचं. या आजाराची माणसं महिन्यातून एकदा एका सभागृहात जमतात. कोण काठीवर, कोण खुर्चीवर, आणि प्रत्येकाच्या पिशवीत एक बाटली. पेशींना गंज चढतो, अँटिऑक्सिडंट तो गंज काढतं, असं कोणीतरी कधीतरी सांगितलेलं असतं. कॅप्सूल न घेणारा माणूस तिथे बेफिकीर समजला जातो. मिलीनेही सहा वर्षं घेतल्या, रोज दोन, नारिंगी, तेलकट. उपयोग झाला का? तिला सांगता आलं नसतं. ती रोज खालावत होती, पण कॅप्सूल नसत्या तर किती खालावली असती हे मोजायला काटा कुठे होता? तिने पहिल्या वर्षीच डॉक्टरबाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, घ्या हवं तर, अपाय नाही, उपयोग सिद्ध झालेला नाही. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही आणि तिनेही नाही.

चाचणी निघाली तेव्हा मिलीने एका दिवसात कॅप्सूल सोडल्या. अर्धवट सोडणं तिला जमत नसे. नवीन आणलेली, एकशेवीस कॅप्सूलची बाटली ती कारखान्यात घेऊन गेली, मोठ्या काट्यावर ठेवली, वजन चिठ्ठीवर लिहिलं, तारीख घातली, सही केली आणि चिठ्ठी बाटलीच्या बुडाला चिकटवली. काका हसले. म्हणाले, तुझ्यावर कोण पहारा ठेवणार आहे? ती म्हणाली, मीच. एकशे शहाण्णव ग्रॅम, वर चारशे मिलीग्रॅम. बाटली घरी फडताळात ठेवली, ती परत हातात घेतली नाही.

चाचणीला आणखी एक अट होती. आठ मीटर, काठीशिवाय, भिंतीला हात न लावता चालता आलं पाहिजे. दवाखान्याच्या बोळात जमिनीवर दोन पिवळ्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. मिली त्या पट्टीपासून या पट्टीपर्यंत कशीबशी पोचली होती, आणि पुढच्या वर्षी पोचणार नाही हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. नावनोंदणी या आठवड्यात संपत होती. म्हणजे कमी केलेलं नाव हे कायमचं कमी केलेलं होतं.

घरी येऊन तिने आईला सगळं सांगितलं. आई गाजरं किसत होती. महिनाभर घरात गाजराचं सूप चाललं होतं. आई, तू गाजरवाल्याची भागीदार झालीस का, असं मिलीने मागे विचारलंही होतं. आज तिला थट्टा सुचत नव्हती. ती दवाखान्याला, सिस्टरांना, त्यांच्या गोड आवाजाला नावं ठेवत राहिली, आणि आई किसत राहिली. गाजर संपून बोट किसणीला लागलं तेव्हा कुठे ती थांबली.

“जाऊ दे ना,” आई म्हणाली. “नाहीतरी त्या चाचणीत काय मिळतं कोणाला ठाऊक.”

“जाऊ दे कसं? त्यांनी मला खोटं ठरवलंय.”

“त्यांनी ठरवून काय होतं? आपल्याला माहीत आहे ना.”

ही आई बोलतेय यावर मिलीचा विश्वास बसेना. दुकानदाराने एक सुटं नाणं कमी दिलं तर भर बाजारात त्याची शोभा करणारी ही बाई! वय झालं, दादाच्या जाण्याने खचली, असं तिने मनाशी म्हटलं आणि विषय सोडला. तेव्हाच सोडायला नको होता.

दुसऱ्या दिवशी तिने बाटली पिशवीत घातली आणि कारखान्यात नेली. काका बघत होते. काट्याचं काचेचं दार बंद केलं, आकडा स्थिर व्हायची वाट पाहिली. एकशे शहाण्णव ग्रॅम, वर चारशे तीस मिलीग्रॅम. तीस मिलीग्रॅम जास्त! कमी नव्हे, जास्त. हवेतला दमटपणा प्लास्टिकला धरतो, तेवढा फरक ती कुठल्याही दाखल्यावर सोडून द्यायची. एक जरी कॅप्सूल कमी झाली असती तर काट्याने चुगली केली असती. तिला इतका आनंद झाला की तिने काकांच्या पाठीवर थाप मारली, आणि तोल जाऊन त्यांच्याच खांद्याला लटकली.

बाटली उघडून बघायचं तिच्या मनातही आलं नाही. बाबांचा नियम होता, मोजायला आलेली वस्तू मोजणाऱ्याने उघडायची नाही. पुडीत सोनं आहे की पितळ, हे सांगणं आपलं काम नाही. आपण वजन सांगायचं. या नियमावर कारखान्याची तीस वर्षं अब्रू राहिली होती.

मग चूक कुठे होती? तर त्यांच्या यंत्रात. हे तिला इतकं स्वच्छ दिसलं की तिने कारखान्यातूनच दवाखान्यात फोन करून दुसऱ्या दिवसाची वेळ मागून घेतली. आईला नुसतं कळवलं. आई म्हणाली, मी येते. मिली म्हणाली, नको, उगाच दगदग. आई चपला घालून दारात उभी राहिली. रिक्षात ती एक शब्द बोलली नाही, आणि मिलीला वाटलं, चला, उशिरा का होईना आईला आपल्यासारखाच राग आला.

डॉक्टरबाईंच्या खोलीत चौघी होत्या. डॉक्टरबाई, सिस्टर, आई आणि मिली. मिलीने काठी टेबलाला टेकवली, बाटली टेबलावर उलटी ठेवली, चिठ्ठी दाखवली आणि बोलायला लागली. तिने आदल्या दिवशी वाक्यं पाठ केली होती, अडखळायला नको म्हणून. तुमचं यंत्र शेवटचं कधी तपासलं? कोणी तपासलं? दाखला आहे का? असला तर कुठे आहे? आमच्याकडे येणारा साधा किराणावाला दरवर्षी काटा तपासून घेतो, आणि तुम्ही एका माणसाला खोटं ठरवता, तर तुमचं यंत्र खरं कशावरून? ही बाटली बघा. आधीचं वजन, आताचं वजन. एक कॅप्सूल हललेली नाही.

डॉक्टरबाईंनी मध्ये तोंड घातलं नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. त्यांनी सांगितलं की नमुना दोनदा तपासला आहे, दोन वेगळ्या ठिकाणी. मग त्यांनी बाटलीकडे पाहिलं आणि सिस्टरांना म्हणाल्या, जरा बघा. सिस्टरांनी झाकण फिरवलं, एक स्टीलचा ट्रे पुढे ओढला आणि बाटली रिकामी केली.

आधी कॅप्सूल पडल्या, नारिंगी, चकाकत्या. मग कापसाचा एक बोळा. आणि त्यामागून वाळलेले वाटाणे, ट्रेभर टणाटण उड्या मारत.

एक वाटाणा टेबलाखाली गेला. सिस्टरांनी मिलीकडे पाहिलं, आणि आता त्यांच्या नजरेत समजूतही नव्हती. त्या काय विचार करत होत्या हे सांगायला नको. वजनाला वजन जुळवून ठेवायचं, हे काटेवालीशिवाय कोणाला सुचणार? महिनाभर कॅप्सूल खाल्ल्या, वाटाणे भरले आणि वर आमच्याच यंत्राला नावं ठेवायला आली.

मिली ट्रेकडे बघत होती. वाटाण्यांत काही अर्धे होते. फुटलेले नव्हते, सुरीने नीट कापलेले होते. काही पाव होते. पूर्ण वाटाणा टाकला की पारडं खाली जातं, म्हणून कोणीतरी अर्धा कापला होता, अर्धा जास्त झाला म्हणून पुन्हा कापला होता. हे कोणी करतं का? चोरी करणारा माणूस मूठभर वाटाणे टाकतो आणि मोकळा होतो. आयुष्यभर काटेवाल्याच्या घरात राहिलेला माणूसच वाटाणा कापत बसतो. बाबांचा सोनारी काटा आईच्या कपाटात साडीखाली असायचा. मिली दुपारी कारखान्यात असायची. एका पारड्यात दोन कॅप्सूल, दुसऱ्यात वाटाणे, काटा मधोमध येईपर्यंत. आणि रात्रीच्या जेवणाला सूप, नारिंगी.

तिने मान वळवली नाही. वळवली असती तर काहीतरी भलतंच बोलली असती.

“मी घातल्या,” आई म्हणाली. “सुई टोचून, सूपमध्ये पिळून. तिला काही माहीत नाही. तिला बोलू नका.”

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. “का केलंत असं?”

मग आई बोलली. आवाज न चढवता बोलली, म्हणून ते जास्त लागलं. दादाही अशाच एका चाचणीत होता. निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसती पिठाची गोळी, आणि कोणाला काय ते कोणालाच सांगायचं नाही. तेव्हाही कॅप्सूल बंद करा म्हणाले, आणि तिने शहाण्यासारखं ऐकलं होतं, मुलाने चोरून मागितल्या तरी दिल्या नव्हत्या. दीड वर्ष. त्या दीड वर्षात त्याचं चालणं गेलं. सगळं आटोपल्यावर पत्र आलं, तुमच्या मुलाला पिठाची गोळी होती, सहकार्याबद्दल आभारी आहोत.

“कॅप्सूल चालू असत्या तरी त्याचं चालणं टिकलं असतं असं नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

“हे तुम्हाला ठाऊक आहे, की वाटतं?”

डॉक्टरबाईंनी चष्मा परत घातला. “टिकलं असतं हे सिद्ध झालेलं नाही. मला एवढंच सांगता येईल.”

“मग मलाही एवढंच सांगता येईल,” आई म्हणाली. “दुसऱ्या मुलाला मी दीड वर्ष रिकामं ठेवणार नव्हते.”

मिलीच्या डोक्यात तिडीक गेली. कोणावर रागवावं हेच तिला कळेना, इतके हक्कदार खोलीत होते. ती आधी डॉक्टरबाईंवर घसरली. सहा वर्षं तुमच्याकडे येतेय. दर खेपेला विचारता, औषधं कोणती चालू? मी सांगते, कोणतीच नाही, कारण ही औषधं नाहीत असं तुम्हीच मला शिकवलंत. एकदा तरी विचारलंत का, घरी काय घेता, का घेता, कोण देतं? त्या सभागृहात साठ बाटल्या आहेत, तुम्हाला माहीत आहे. ‘अपाय नाही’ म्हणालात आणि सुटलात. झाला ना अपाय? आज पहिल्यांदा तुम्ही हिशोब मागितलात तो तुमच्या चाचणीसाठी, माझ्यासाठी नाही. आणि माझ्या आईला त्या दीड वर्षानंतर कोणी एक फोन केला होता? आभारी आहोत म्हणे!

वाक्यं पाठ नव्हती, त्यामुळे अर्धे शब्द तुटले, काही गिळले गेले. पण डॉक्टरबाईंनी ‘काय म्हणालात?’ असं एकदाही विचारलं नाही. त्या म्हणाल्या, यातलं बरंचसं खरं आहे. आणि मग म्हणाल्या, पण निर्णय बदलता येणार नाही. रक्तात आहे ते आहे. कोणी घातलं याने फरक पडत नाही.

“निर्णय नका बदलू,” मिली म्हणाली. “वाक्य बदला.”

“कुठलं वाक्य?”

“‘रुग्णाने माहिती लपवली.’ मी लपवली नाही. तुमच्या चाचणीला फरक पडत नसेल. मला पडतो.”

सिस्टरांनी फाइल पुढे केली, या खेपेला सरळ, मिलीला वाचता येईल अशी. डॉक्टरबाईंनी ते वाक्य खोडलं, शेजारी सही केली आणि खाली लिहिलं की सप्लिमेंट रुग्णाच्या नकळत, रुग्णाच्या आईने दिलं. आईला सही करायला सांगितली. आईने केली, सावकाश, पूर्ण नाव लिहून. सिस्टर म्हणाल्या, माझं चुकलं. मिलीने मान डोलावली, बरोबर त्यांनी परवा डोलावली होती तशी.

बोळात आल्यावर आईने सवयीने तिच्या कोपराखाली हात घातला. मिलीने तो सोडवला. समोर पिवळी पट्टी होती. तिने काठी आईकडे दिली आणि चालायला लागली. पाय कुठे पडेल याचा भरवसा नव्हता, डावा गुडघा मध्येच भलतीकडे निघाला, एका बाकावरच्या माणसाने पाय आत ओढून घेतले. ती दुसऱ्या पट्टीपर्यंत पोचली. कोणाच्या हातात घड्याळ नव्हतं. मग तिने भिंतीला हात लावला आणि आई येईपर्यंत तशीच उभी राहिली.

“तू मला विचारायचं होतंस,” ती म्हणाली.

“विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.”

“हो. नाहीच म्हणाले असते. पाय माझे राहिले नाहीत, हात राहिले नाहीत. ते ‘नाही’ तेवढं माझं होतं, आई.”

आईचे डोळे भरले. मिलीला ते दिसलं आणि तिचं मन विरघळायला लागलं, आणि त्याचाच तिला पुन्हा राग आला. आई रडली की या घरात सगळं माफ व्हायचं. बाबा करायचे, दादा करायचा. आज करायचं नाही, असं तिने ठरवलं. उद्याचं उद्या बघू.

“घरी गेल्यावर बाबांचा काटा माझ्या खोलीत ठेव,” ती म्हणाली. “आणि आजपासून माझं जेवण मी करीन.”

“तुझ्या हातांनी?” आई म्हणाली. “अगं, सगळं सांडेल.”

“सांडू दे,” मिली म्हणाली, आणि काठीसाठी हात पुढे केला.